टर्कीऐवजी लाल भोपळा

७ डिसें. २००८, रविवार
टर्की नाही म्हणजे नाहीच. भिवंडीतले चार कोंबडीवाले पालथे घातले. शेवटचा तर हसलाच. "भाभी, इतना बड़ा परिंदा पकाओगी किसमें?" खरंच, कशात? माझं सगळ्यात मोठं पातेलं खिरीचं.
पण मी फोनवर शब्द देऊन बसलेय. सूनबाईच्या, लविनाच्या, डॅडींना. नाताळचं जेवण आमच्याकडे, वडप्याला. दोघांनी त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं त्याला वर्ष झालं, त्यांनी आमचा उंबरा ओलांडलेला नाही. जावयाशी, म्हणजे माझ्या नीलेशशी, एक अक्षर बोललेले नाहीत. आणि परवा चक्क "येतो" म्हणाले! बाई नाही घरात, एकटेच राहतात वसईला. ल. फोन ठेवून तिथंच दारात रडत बसली. मीही.
जन्म जहाजावर स्वयंपाक करण्यात गेला त्यांचा. दर नाताळला टर्कीच्या गोष्टी सांगायचे म्हणे. म्हणून हा खटाटोप.

९ डिसें., मंगळ.
टर्की नाही तर काय? घरात सभा भरली. आमचे हे : "गावठी कोंबरा हाय ना! आजून काय लागतंय?" नीलेशला मटण. (त्याला कशालाही मटणच सुचतं.) ल. हळूच म्हणाली, "आमच्याकडं बदक करतात, आई. डॅडी उभं राहून कापतात, मग सगळ्यांना वाढतात."
बदक! ठरलं.

१४ डिसें., रवि.
हे अकलोलीहून बदक घेऊन आले. अकरा दिवस आधी! "मंग मिलालं न्हाय तर?" आता ते तुळशीभोवती फेऱ्या मारतंय आणि मला दरडावतंय. ल. त्याला पाव घालते. लक्षण बरं नाही.

१६ डिसें., मंगळ.
गॅस कधी लावला ते बघायला कॅलेंडरपाशी गेले, आणि बघते तर...
२५ ला गुरुवार. मार्गशीर्षातला शेवटचा. उद्यापन! पाच सवाष्णींना माझ्याच तोंडाने सांगून आलेय. एकोणीस वर्षं हे व्रत करतेय, आणि चार गुरुवार मोजता येऊ नयेत? घरात त्या दिवशी कांदासुद्धा चिरत नाही मी, बदक कुठलं.
हे म्हणाले, "मागल्या अंगनात शिजव. देवी काय मागं येतंय बघाया?" असं बघितलं त्यांच्याकडे की चहा न घेताच बाहेर गेले.
ल. म्हणाली, "मी डॅडींना नको म्हणून कळवते, आई." आवाज अगदी साधा ठेवला तिने. एकदा नको म्हटलं की तो माणूस पुन्हा यायचा नाही. मी म्हटलं, खबरदार.

१८ डिसें., गुरु.
पूजेत लक्ष नाही. आरती म्हणता म्हणता सुचलं. पोपटी! माझ्या अलिबागकडच्या माहेरची. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, कोनफळ, आणि बाहेर जाळ. कोंबडी घालतात, पण नाही घातली म्हणून काय बिघडतं? आणि कापायला? मधोमध अख्खा लाल भोपळा, आत ओलं खोबरं, तीळ, हिरवी मिरची. आरतीची दोन कडवी गाळली बहुतेक. देवी समजून घेईल.

२० डिसें., शनि.
पोपटीला भांबुर्ड्याचा पाला लागतोच, त्याच्या वासाशिवाय ती नुसती उकडलेली भाजी. आमच्या शेतात ढिगाने असायचा. आता तिथे गोडाऊन. कुंपणाकडेला वाकून उपटत होते, तर वॉचमन, "माताजी, ये घास किसलिए?" म्हटलं, क्रिसमस के लिए.

२२ डिसें., सोम.
रंगीत तालीम. भोपळा मडक्याच्या तोंडातून जाईना. यांनी जोर लावला. मडकं गेलं. ल. आणि मी हसून हसून ओसरीवर लोळलो. रुंद तोंडाचं मडकं नि लहान भोपळा आणणे.

२५ डिसें., गुरु. (पहाटे अर्धं, उरलेलं २६ ला)
देवी मांडली. शेजारी ल. ने कागदी चांदणी टांगली. छान दिसतंय.
—
डॅडी आले! कोट घालून, हातात केक. सवाष्णी हळदीकुंकू घेतायत, ते मध्ये अवघडून उभे. मी सरळ सांगून टाकलं, आज गुरुवार, मांस नाही, चूक माझी. तेवढ्यात बदक ओरडत आलं. त्यांनी विचारलं, "हे कोन?" ल. म्हणाली, "हेच जेवणार होतो आपण." माणूस जो हसला! मग म्हणाले, "विहीणबाई, टर्की मी जन्मभर केली. सुकी, चोथा. मला कधी आवडलीच न्हाय!" आणि मी चार दुकानं...
मग कोट काढून जाळापाशीच बसले. मी त्यांना मडक्यावर पाणी शिंपडून बघायला शिकवलं, चर्र झालं की तयार. नीलेश नुसत्या हाताने मडकं उचलायला गेला. डॅडी ओरडले, "अरे, हात भाजशील! फडकं घे!"
जावयाशी वर्षातले पहिले शब्द. ल. माझ्याकडे बघत राहिली. मी घाईने फडकं पुढे केलं, न जाणो शब्द परत घेतले तर.
जेवायच्या आधी त्यांनी प्रार्थना म्हटली. आमच्या पाचही सवाष्णी हात जोडून उभ्या. मग उभं राहून भोपळा कापला. पहिली फोड देवीला मागून घेतली मी. दुसरी त्यांनी ल. ला दिली. तिसरी हातात धरून थांबले जरा, आणि नीलेशच्या पानात ठेवली. मी देवीकडे तोंड करून डोळे पुसले.

२८ डिसें., रवि.
मडकं ते मागून घेऊन गेलेत, वसईला एकदा करून बघतो म्हणाले. परत कधी आणणार, विचारायचं राहिलं. तीन दिवस फोन नाही. ल. उगाच मोबाईल पुसत बसते.
मी तिला म्हटलं, मडकं आमचं आहे. आणि दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, हे वसईतही असेलच ना?
"असतं," म्हणाली, आणि बदकाला पाव घालायला गेली.