शूलपाणीला काही नाही

मी, कार्त्यायनी वारस्यार, वय त्र्याहत्तर, व्यवसाय वैद्यकी, राहणार चेरपुळश्शेरी, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहीत आहे. दडपण आणायला घरात कोणी उरलेलंच नाही. अक्षर वाकडं आलं आहे ते उजवा खांदा धरल्यामुळे. डोकं ठिकाणावर आहे.

१. घर, परस आणि बँकेत असेल ते तंकमणीला. तिने तीस वर्षं माझ्याकडे शेकाच्या पोटल्या बांधल्या. गुडघे गेल्यावर ती लेकीकडे कोईमतूरला गेली. फोनवर म्हणते, "येते हो, पाऊस थांबला की येते." ती येणार नाही, हे मला माहीत आहे. तिने घर खुशाल विकावं.

२. तेलाच्या धारा धरताना रोग्याला निजवायची काजऱ्याच्या लाकडाची दोणी सरकारी आयुर्वेद दवाखान्याला. रस्त्यापलीकडच्या रिसॉर्टवाल्यांना मुळीच देऊ नये. ते तिच्यात कमळं लावतील.

३. माझा धाकटा भाऊ शूलपाणी वारियर (आमच्यात बाई वारस्यार, पुरुष वारियर), तोही वैद्य, राहणार देवळाच्या तळ्यापलीकडे, याला मी काहीही देत नाही. याचं कारण लिहून ठेवते.

एकोणीस वर्षांपूर्वी अम्माचा खांदा धरला. शूलपाणीने तिची जीभ पाहिली आणि मला म्हणाला, "ओप्पोळ, जिभेवर थर आहे. आधी कोरडी पोटली. तेल नंतर." बाहेर रोगी बसलेले. त्यांच्यादेखत मी म्हटलं, "ओप्पोळ म्हणतोस, आणि थोरल्या बहिणीलाच शिकवतोस? आधी मिशा नीट फुटू देत." तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. मी कोमट तेलाच्या धारा धरल्या, आणि खांदा कायमचा जखडला. मरेपर्यंत अम्माला स्वतःची वेणी घालता आली नाही. मी घालायचे. ती मला एका शब्दानेही बोलली नाही. शूलपाणी त्याच महिन्यात घर सोडून गेला.

चूक माझी होती. हे मी आजवर कोणाजवळ कबूल केलेलं नाही.

आता माझाच हात कानाच्या वर जात नाही. ब्लाउज घालायला अर्धा तास लागतो. आधी कोरडा शेक, मग तेल, मग नाकात तेलाचे थेंब, सगळं मला येतं. पण स्वतःच्या पाठीमागे उभं राहता येत नाही. मला फार एकटं वाटतं. मृत्युपत्रात असं लिहीत नाहीत, असं वकील म्हणाले. मी लिहिलं.

पहिल्या मसुद्यात दोणी शूलपाणीलाच होती. वकील म्हणाले, "ज्याला काही मिळणार, त्याला साक्षीदार करू नका. पुढे भानगड होते." मी रात्रभर विचार केला. दोणी ठेवली तर तो मी मेल्यावर येईल. साक्षीला बोलावलं तर आत्ताच यावं लागेल. म्हणून दोणी काढून घेतली.

यापूर्वी लिहिलेलं सगळं रद्द समजावं.

चेरपुळश्शेरी, कर्कडकम १०, मल्याळी सन ११९९ (२५ जुलै २०२४)
सही: कार्त्यायनी वारस्यार

साक्षीदार १: के. अच्युतन, निवृत्त पोस्टमास्तर. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २: शूलपाणी वारियर. सही माझ्यासमोर झाली. मजकूर वाचलेला नाही. सही करताना ओप्पोळचा खांदा पाहिला, जीभही पाहिली. थर आहे. उद्या सकाळपासून सात दिवस कोरडी पोटली, पुढचे सात दिवस पथ्य. तोवर तेलाचं नाव काढायचं नाही. पोटल्या मी बांधीन.