डाळीचा दाणा चावून पाहण्याविषयी

अप्पा,

काल गुडगावात एका तीर्थक्षेत्री जाणे घडले. तसे ते वाणसामानाचे दुकान. परंतु असे म्हटल्यास तेथील भक्तगण क्षुब्ध होतील. उघड्या विटांच्या भिंती, तागाची मोजकी पोती, प्रत्येकात एकेकच धान्य, आणि सभोवार मोटारींतून अवतीर्ण झालेले मुमुक्षू, ज्यांना साधेपणाचा साक्षात्कार वातानुकूलित यंत्राखालीच होतो. तुमची नात गहिवरून म्हणाली, "बाबा, किती ऑथेंटिक आहे ना, यार!" विक्रेती कन्यका ओंजळीत तूरडाळ घेऊन पुढे आली. "सर, चखकर देखिए ना! कम चीज़ें, सच्ची चीज़ें, यही हमारी फिलॉसफी है।" मी हात मागे घेतला. नातीच्या मते मी खडूस आहे.

हे तत्त्वज्ञान आपल्या सरकारी क्वार्टरांमागच्या लालाजीला कुणी शिकवले नव्हते. त्याच्याकडेही तूरडाळ एकच. दुसरी आहे का विचारले, तर म्हणे, "बाबूजी, दूसरी ख़राब थी, इसलिए नहीं रखी।" तुम्ही पोत्यात हात घालता, एक दाणा दाढेखाली धरता, कट्ट असा आवाज येतो आणि मगच तुमची मान हलते. दुकानातली इतर गिऱ्हाइके त्या निर्णयाची वाट पाहत तिष्ठत उभी असतात.

पुढे उदारीकरणाने आम्हां नवश्रीमंतांस दिल्लीतल्या द्वारकेत फ्लॅट आणि चौदा प्रकारच्या डाळींचे स्वातंत्र्य बहाल केले. त्या उन्मादात मी तुम्हांला एका नव्या, झगमगीत भांडारात नेले. तेथे डाळ पाकिटात कोंडलेली. तुम्ही शांतपणे पाकिटाचा कोपरा फाडलात आणि दाणा चावलात. रखवालदार धावत आला. "ओ अंकल! मंडी समझ रखा है क्या? किसके साथ आए हो?" तुम्ही म्हणालात, "मेरा बेटा है, यहीं कहीं।" आणि मला हाक मारलीत. दोनदा.

परतताना तुम्हीच मला सबब पुरवलीत, "लांब असशील, ऐकू गेलं नसेल." मी गांभीर्याने होकार दिला. त्यानंतर वाणसामान आणायला तुम्ही कधीही माझ्यासोबत आला नाहीत.

तुमच्या हल्लीच्या मुक्कामी टपाल पोहोचत नाही, तेव्हा टपालखात्यास तसदी न देता येथेच नमूद करतो. मी पलीकडच्याच फडताळाआड उभा होतो, शाम्पूच्या बाटलीवरील मजकूर अत्यंत एकाग्रतेने वाचत. दोन्ही हाका ऐकू आल्या होत्या.