यंदा शेंदूर पाठवला नाही

माधवगंज, लष्कर, ग्वाल्हेर
फाल्गुन वद्य पंचमी

ती. आईच्या पायांवर सूर्याजीचं डोकं.

तुझे गुडघे कसे आहेत? उमाजी शेताकडे बघतो ना?

अक्षर सुलोचनेचं आहे म्हणून घाबरू नकोस. मी सांगतोय, ती लिहिते आहे.

संस्थान विलीन होऊन आमची पलटण मोडली, तेव्हापासून मी शेंदराच्या कारखान्यात होतो, ते तुला ठाऊकच आहे. काम सावलीतलं, बसून दळायचं. संध्याकाळी लाल होऊन घरी आलो की पोरं हसायची. सध्या मी घरीच आराम करतो.

यंदा आपल्या मारुतीसाठी शेंदूर पाठवला नाही. तो शिसं जाळून करतात आणि त्याची बारीक धूळ श्वासातून जाऊन नसा निकामी करते, असं इंदरगंजचे डॉक्टर म्हणाले. मागचा उरला असेल तर बोटाने लावू नकोस, काडीला कापूस गुंडाळून लाव. नातवंडांना जवळ येऊ देऊ नकोस.

जेवण चांगलं जातं. सुलोचना भरवते, त्यामुळे दोन घास जास्तच होतात.

मनगटं तेवढी उचलत नाहीत. हनुमान जयंतीला देवळात जाशील, तेव्हा माझ्या वाटचे हातही तूच जोड.

तुझा,
सूर्याजी