फोटोपुढचा मोबाईल

अवो,

व्हय, मीच लावत हुते तुमचा मोबाईल चार्जिंगला. फोटोपुढं ठेवला हुता, उदबत्तीशेजारी. त्यात काय चुकलं? मानसाच्या आवडीची वस्तू बंद पडू द्यायची का? पन आज जे झालं ते कुनाला सांगता येईना, म्हनून चौथी शिकलेली बाई लिहायला बसलीय.

तुमी गेल्यापास्नं रोज दुपारी एकला तो आपोआप उजळायचा. वर ‘विहीर’ असं नाव यायचं, अन् रिंग जायची. मी म्हनायचे, गेले तरी मळ्यात जीव अडकलाय ह्यांचा. हात जोडायचे. कुनाला बोलले न्हाई, येडी म्हनली असती सगळी.

तुमी शेवगावच्या दुकानातनं शॉर्टकट का काय ते शिकून आला हुता. एकला लाईट आली की मोबाईल सोताच विहिरीवरच्या स्टार्टरमधल्या सिमकार्डाला फोन लावनार, मोटार चालू. लई हौसेनं दाखवत हुता, तर मी म्हनले, असली थेरं नकोत, आधी भाकरी खावा. का बघितलं न्हाई मी तवा?

मोटार जळून पडली हुती, म्हनून महिनाभर काय कळलं न्हाई. काल तार भरून दुरुस्त करून आनली. आज नामदेवभाऊजी विहिरीत उतरून, मोटारीवर वाकून नट आवळत हुते. मोटार बंद हुती, पन स्टार्टरला लाईट हुती. चालू करनारा भाऊ तर गेला, मग फ्यूज कशाला काढतील?

अन् इकडं घरात एकला मोबाईल उजळला. रिंग गेली. मी काय केलं? कट करायचं सोडून हात जोडले.

भाऊजींच्या गळ्यातलं उपरनं मोटारीनं ओढलं. जुनं हुतं, फाटलं, म्हनून मान राहिली. घरी आले तवा गळ्यावर लाल वळ, तोंड पांढरंफटक.

“वहिनी, दादानं मोटार चालू केली,” म्हनले.

तवा मला तुमचं ते दाखवनं आठवलं. पन सांगायचं सोडून पानी दिलं नुसतं.

अजून काय काय लावून ठेवलंय त्यात? मला हात लावायचं भ्या वाटतंय. बंद करायला जावं अन् भलतंच बोट पडून काय चालू झालं तर? भाऊजी परत विहिरीत उतरनार हायेत.

म्हनून शब्द देते. सकाळच्याला मोबाईल त्यांच्याच हातात देनार, त्यातलं कार्ड काढायला लावनार, अन् मी काय बघत बसले हुते ते बी सांगनार. मग त्यांनी बोलनं टाकलं तरी चालंल.

तुमच्यावर राग हाय का, ते इचारू नका. मी सांगनार न्हाई. बास.

तुमची
कौसल्या