डोळे मिटून ऐकताना

४ मार्च, संध्याकाळी ६
आज समुपदेशनाच्या सेशनमध्ये झोप लागली. झोप म्हणजे डुलकी. डुलकी म्हणजे डोळे मिटले, इतकंच. दुपारी तीनची वेळ, भरपेट जेवण, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. निवृत्त शिक्षिकाबाई नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणाबद्दल बोलत होत्या. जाग आली तेव्हा त्या डोळे पुसत होत्या आणि घड्याळ वीस मिनिटं पुढे गेलं होतं. मी म्हणालो, हं. त्या म्हणाल्या, हे आज पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.
काय सांगितलं?
निश्चय : उद्या सुपरव्हिजनमध्ये सगळं सरळ ओकून टाकायचं. आम्ही क्लायंटचं ऐकतो, मॅडम आमचं ऐकतात. त्या आहेत कशासाठी?

५ मार्च
मॅडमनी विचारलं, मनात काही राहिलंय का? म्हटलं, खोलीतला पंखा. पाऊण तास पंख्यावर बोललो. मॅडम म्हणाल्या, पंखा दुरुस्त करून घे आणि पुढच्या वेळी मुद्द्यावर ये. वेळ संपली. सुटलो. म्हणजे, राहून गेलं.

६ मार्च
नवा नियम : बुधवारी सेशनआधी जेवायचं नाही. फक्त एक सफरचंद.

११ मार्च
सफरचंद खाल्लं. त्याने भूक खवळली, मग जेवलो. पण जागा होतो! टक्क जागा.
शिक्षिकाबाईंनी विचारलं, मागच्या वेळी सांगितलं त्याबद्दल तुम्हाला काय वाटतं? मी म्हणालो, तुम्हाला काय वाटतं? (हे वाक्य ज्याने शोधलं त्याचं भलं होवो.) त्या म्हणाल्या, चूक माझीच होती ना? मी मान हलवली. उभी की आडवी, ते कुणालाच कळू नये अशा बेताने. त्यांना उभी दिसली. खूप रडल्या.
घरी बायको म्हणाली, ताटात बघून काय बसलायस, जेव. म्हटलं, दुपारचं जास्त झालं.

१९ मार्च
सुपरव्हिजन. युक्ती केली. म्हटलं, माझ्या एका मित्राला सेशनमध्ये झोप लागली. मॅडमनी विचारलं, किती वेळ? वीस मिनिटं. मग पुढे? म्हटलं, पुढच्या आठवड्यात त्या बाई म्हणाल्या, चूक माझीच ना, आणि मी मान हलवली.
मी नव्हे, मित्राने. पण तोवर जीभ घसरली होती.
मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, मला सांगून तुझं ओझं उतरेल, त्यांचं नाही. त्यांना सांग.

२५ मार्च, दुपारी ४
भाषण पाठ केलं होतं. पार विसरलो. म्हणालो, त्या दिवशी मी झोपलो होतो.
शिक्षिकाबाई म्हणाल्या, ठाऊक आहे. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलाय, पेंगणारा चेहरा मला कळतो. तुम्ही झोपलात म्हणून तर तोंड उघडलं.
जीव भांड्यात पडला. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. म्हणाल्या, थोडंफार कानावर पडलं असेल म्हणून पुढच्या वेळी विचारलं. मान हलवलीत तेव्हा मात्र जागे होतात.
म्हटलं, मला काहीच माहीत नव्हतं. पुन्हा सांगाल? या वेळी नीट ऐकेन.
त्यांनी पर्स उचलली आणि दुसऱ्या कुणाचा तरी नंबर मागितला. समोरच्या खोलीतल्या समुपदेशक ताईंचा दिला. दारापर्यंत सोडायला गेलो.
त्यांनी विचारलं, त्या ऐकतात ना?
म्हटलं, हो. त्या ऐकतात.