चेतना माझीच मुलगी असल्याबाबत

३ जुलै २०१६, रविवार
कॅनडाहून चेतनाचा फोन. तिला ओसीआय कार्ड काढायचं आहे. जुना पासपोर्ट सापडत नाही, म्हणून माझी कागदपत्रं पाहिजेत. ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया. त्यात ‘इंडिया’ महत्त्वाचं. म्हणजे पोरगी परत येऊन राहिली! नऊ वर्षांनी! हे काम आठवड्यात करून दाखवतो. वीज मंडळात एकतीस वर्षं फायलीच हलवल्या.

४ जुलै
शेजारच्या खुशालभाऊला सांगितलं, चेतना कायमची येते. संध्याकाळपर्यंत अख्ख्या मुर्री गावाला माहीत. मी फक्त खुशालभाऊला आणि पानठेल्यावर बोललो होतो.

९ जुलै
वरच्या खोलीत कमोड बसवायला मिस्त्री लावला. देवका म्हणाली, “काऊन एवढी घाई करून राहिले?” बायकोला प्लॅनिंग समजत नाही.

१८ जुलै
आठवडा उलटला. चूक माझी नाही. पोरीच्या जन्मदाखल्यावर बापाचं नाव ‘चुनीलाल’, माझ्या शाळेच्या टीसीवर ‘चुन्नीलाल’. कागदावर ती दुसऱ्याच कोणाची मुलगी. ॲफिडेव्हिट लागेल.

१९ जुलै
नोटरी नंदलाल वकिलाकडे गेलो. त्याने विचारलं, पोरीनं तिकडची नागरिकता कधी घेतली? म्हटलं, घेतलीच नाही. तर म्हणतो, “मंग हे कार्ड कायले पायजे, काकाजी? इथली सोडली त्यालेच भेटते.” त्याला कायदा नीट वाचायला सांगून परत आलो.
देवका तांदूळ निवडत होती. विचारलं. तिने मोबाइल काढून पुढे धरला. फोटोत चेतना, जावई, नातू, तिघांच्या हातात कॅनडाचे लाल-पांढरे झेंडे. नागरिकता घेतली तेव्हाचा, गेल्या वर्षीच्या मार्चमधला. सोळा महिने! आणि दर रविवारी पोरगी फोनवर मला विचारत होती, पाऊस कसा आहे.
“तुमी भाषण देता, म्हणून नाई सांगतलं,” देवका म्हणाली.
मी भाषण देत नाही, हे तिला पाऊण तास समजावून सांगितलं.

२० जुलै
ठराव: ॲफिडेव्हिट देणार नाही. देश नको, तर बापाची टीसी कशाला पाहिजे? निषेध म्हणून जेवलो नाही. दुपारी थोडे पोहे. ॲसिडिटी होते.

२५ जुलै
शांतपणे विचार केला. नोकरीसाठी घ्यावी लागली असेल. आता चूक कळली, म्हणूनच परत येऊन राहिली.
नंदलालने मजकूर मोठ्याने वाचला: “शपथेवर लिहून देतो की, चेतना ही माझीच मुलगी आहे.” सही करताना हात थांबला. पेन खराब होतं. दुसरं मागून घेतलं. कुरिअर केलं.

१६ ऑक्टोबर, रविवार
दोन रविवार फोन नाही. मीच केला. कार्डाचं काय झालं?
“अरे हो बाबूजी, सांगायचं राहूनच गेलं! गेल्या महिन्यातच आलं. जुना पासपोर्ट सापडला ना, तुमचे कागद लागलेच नाही.”
कुरिअर अजून फोडलं नाही म्हणे. म्हटलं, बरं झालं. मग कधी येते? डिसेंबरात येणार होते, ते रद्द. आता व्हिसाची झंझट नाही. “लाइफलाँग आहे बाबूजी. कधीही येता येते. घाई कायची?”
कायमचं कधी, हे विचारायचं होतं. तिकडे थंडी किती, ते विचारलं. मग फोन देवकाला दिला.
दोघी चाळीस मिनिटं बोलल्या.