कलेक्टरिणीचा चौथा पाय

आदिलाबाद,
रविवार, दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. प्रतिभा हिस,
सप्रेम जयभीम.

येथील क्षेम आहे. नागपुरास तुम्हा उभयतांचेही असावे, अशी अपेक्षा. थंडी ओसरू लागली आहे, गच्चीवरील टाकीची गळती बंद झाली आहे आणि माझा रक्तदाब आटोक्यात आहे. एवढे लिहिल्याने पत्राचा रिवाज पूर्ण झाला असे समजून मूळ वार्तेकडे वळतो. ती मला कालपासून स्वस्थ बसू देत नाही.

काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तिने चौथा पाय जमिनीवर टेकला!

उद्गारचिन्ह मी सहसा वापरीत नाही. विद्यार्थ्यांच्या निबंधांतील अशी चिन्हे मी लाल शाईने खोडीत असे. हे एक मात्र राहू दे.

ती म्हणजे कोण, असे तू विचारशील. उत्तर क्रमाने देतो.

१२ डिसेंबरच्या सकाळी मागील दार उघडले, तर पायरीवर तुझ्या आईचे मांजर बसले होते. होय, तेच. एकोणीस दिवस बेपत्ता होते. अंगावर हाडे तेवढी राहिली होती आणि मागचा उजवा पाय दोरीसारखा लोंबत होता. मला पाहून ते पळाले नाही, ओरडलेही नाही. केवळ पाहत राहिले.

शेजारच्या राहीबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "अव्वा! वापस आली का हे? सर, पाय तं पार गेला तिचा." लगेच त्या बांबूच्या कामट्या आणि जुन्या लुगड्याची चिंधी घेऊन आल्या. "माह्या शेळीचा पाय असाच बसवला व्हता मी. तुमी मुंडकं धरा." मी मुंडके धरले. माझ्या मनगटावर चार ओरखडे उठले, पण पट्टी बांधून झाली. तिला वेदना असह्य होत असाव्यात, म्हणून माझ्या औषधांच्या डब्यातील तापाच्या गोळीचा चतुर्थांश मी दुधात कुस्करला. सुदैवाने तिने त्या दुधाकडे पाहिलेही नाही.

सुदैवाने, असे का म्हणतो ते पुढे कळेल. भाजीची पिशवी नको म्हणून तिला तुझ्या आईच्या शालीत गुंडाळून रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात नेले. तेथील मुलीने नोंदवही उघडून तेलुगूत विचारले, "पेरु एंटी?" मी माझे नाव सांगितले. ती म्हणाली, "आपका नहीं सर, बिल्ली का."

प्रतिभा, गेली सहा वर्षे मी तिला 'ते मांजर' यापलीकडे काहीही म्हटलेले नव्हते. रोज चार वाजता ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तपासणीला आल्यासारखी बसते, म्हणून तुझ्या आईने ठेवलेले नाव मला पोरकट वाटे. दवाखान्यात शेळ्या, कोंबड्या आणि एक पोलीस शिपाई यांच्या समक्ष मला ते मोठ्याने उच्चारावे लागले: "कलेक्टरीण." शिपायाने उभे राहून सलाम ठोकला. सगळा दवाखाना हसला. मीही हसलो असेन, ऑक्टोबरात तुझी आई गेल्यानंतर पहिल्यांदाच.

डॉ. मीनल तुझ्याच वयाच्या आहेत. त्यांनी आधी आमची पट्टी कापून टाकली. "काका, मांडीचं हाड आहे हे. बाहेरून बांधून धरता येत नाही. उलट पट्टीचं वजनच तुटलेलं टोक ओढत राहतं. अन् माणसाची गोळी नाही ना दिली? तापाच्या एका गोळीनं मांजर मरतं." मी खरे ते सांगितले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, तसे मी नापास विद्यार्थ्यांकडे पाहत असे.

एक्स-रेत हाडाचे दोन तुकडे एकमेकांवर चढलेले दिसत होते. मोड दोन-तीन दिवसांपूर्वीची, म्हणजे घराजवळ पोहोचल्यावर एखाद्या वाहनाने उडवले असावे, असे त्या म्हणाल्या. हाडाच्या पोकळीतून पोलादी सळई घालावी लागेल. सहा आठवडे बंदिस्त ठेवावे लागेल. "एक उडी मारली तरी सळई वाकेल. मग पाय कापण्यावाचून इलाज नाही. सांभाळाल का?"

"सांभाळीन," मी म्हणालो.

"अन् ती गेली कशी होती घरातून?"

"गेली," एवढेच मी म्हणालो.

पिंजरा कोठून आणावा? तुझ्या आईचे दुधाचे जाळीचे कपाट आठवते? कलेक्टरिणीपासून दूध वाचावे म्हणून तिने मुद्दाम करवून घेतलेले. त्याच्या फळ्या काढून ते आडवे केले, आत शाल अंथरली आणि कलेक्टरिणीची स्थापना नेमकी त्याच कपाटात केली. तुझी आई हे पाहून काय म्हणाली असती, याचा विचार मी रोज करतो.

सहा आठवडे मी वेळापत्रक पाळले. औषध सात वाजता, टाक्यांची पाहणी आठला, तिच्या शौचाच्या मातीचे तसराळे दोनदा स्वच्छ. तू फोन केलास तेव्हा एकदा तिने मोठ्याने आवाज दिला. तू विचारलेस, "बाबा, मांजर ओरडतंय का?" मी म्हणालो, राहीबाईंचा टीव्ही. तू "बरं" म्हणून फोन ठेवलास. त्या 'बरं'चा मला अजून त्रास होतो.

२५ जानेवारीच्या एक्स-रेत मोडलेल्या जागेभोवती पांढरे धुके धरल्यासारखे दिसले. ते नवे हाड. सळई निघाली. तीस वर्षे विज्ञान शिकवूनही हाड सांधताना मी प्रत्यक्ष पाहिले नव्हते. परंतु ती पाय टेकेना. चौथा पाय पोटाशी धरून तिन्हींवर चाले. डॉक्टर म्हणाल्या, "हाड जुळलंय काका, तिला अजून भरवसा नाही. पाय हलवत राहा, चटईवर चालवा. असाच आखडला तर कायमचा जाईल." म्हणून दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा, मी तो पाय हातात धरून मोजत असतो. राहीबाई म्हणतात, "सर, तुमी तं तिची पीटी घेऊन राह्यले!"

आणि काल, चारला, ती कपाटातून निघाली, चटई ओलांडून गार फरशीवर आली आणि तो पाय खाली ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला. चारही पायांवर, डुलत, उंबऱ्यापाशी जाऊन बसली आणि तुझ्या आईला हाक मारली.

आता जे टाळत आलो, ते लिहितो.

हीच हाक मला सहन होत नव्हती. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू एकच मागणे मागितलेस: "बाबा, आईच्या मांजरीला तेवढं दूध देत जा." मी शब्द दिला. परंतु रोज चार वाजता ती उंबऱ्याशी येई, माझ्या हातातील वाटीकडे न पाहता आतल्या खोलीकडे पाहून ओरडत राही. साडेपाचपर्यंत. जे मला करता येत नव्हते, ते ती मोठ्याने करीत होती. २३ नोव्हेंबरला मी तिला गोणीत घातले, स्कूटरवर पायांशी ठेवले आणि गुडीहत्नूरच्या अलीकडे सोडून आलो. राहीबाई एकदा सहज म्हणाल्या होत्या, "पानी वलांडून सोडलं का मांजर वापस येत नाई." अंधश्रद्धेविरुद्ध शाळाशाळांतून व्याख्याने देणाऱ्या मी जाताना वाटेतले नाले मोजले. दोन झाल्यावर थांबलो. गोणी उघडली तेव्हा ती पळालीही नाही. स्कूटरशेजारी बसली, घरी जायचे आहे असे समजून.

तुला सांगितले की ती आपणहून गेली. तू फोनवर रडलीस: "आईचं तेवढंच तर राहिलं होतं घरात." तेव्हाही मी खरे बोललो नाही. ते हाड वाहनाने मोडले, हे खरे आहे. तिला त्या रस्त्यावर मी नेले होते.

शनिवारी तू येणार आहेस. दारात तिला पाहून आनंदशील आणि ती आपली आपण परतली असे समजून मला मिठी मारशील. खोट्यावर ती मिठी घेणे मला जमणार नाही, म्हणून हे पत्र आधी पोहोचावे. वाचून यावेसे वाटले नाही, तर मी समजेन. यावेसे वाटले, तर चारच्या आधी ये. पाय किंचित बाहेर पडतो. डॉक्टर म्हणतात, तेवढा राहील.

काल ती आतल्या खोलीकडे पाहून ओरडली, तेव्हा मी उठलो नाही. तिच्याशेजारी फरशीवर बसलो. साडेपाचपर्यंत आम्ही दोघेही तेथेच होतो. मग ती वाटीतले दूध प्याली.

तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्राखाली मी पूर्ण नाव आणि 'निवृत्त मुख्याध्यापक' असे लिहीत आलो. तुझी आई म्हणे, "लेकीला पत्र लिहून राह्यले, का शाळा सोडल्याचा दाखला?"

तुझा,
बाबा